उभ्या राहिलेल्या मोटारसायकलची दुरुस्ती : किक मारण्याआधी काय पाहावे?



बाजाराचा दिवस आहे. कपड्याचे गठ्ठे मागच्या सीटवर दोरीने आवळून बांधले आहेत. सकाळी लवकर कामरगावला किंवा उंबर्डा बाजारला पोहोचायचे आहे, कारण उशीर झाला की नेहमीची जागा दुसरा धरतो आणि गिऱ्हाईकही त्याच्याकडे जाते. अशा वेळी दोन महिने उभी असलेली मोटारसायकल किती किक मारल्या तरी सुरू होत नाही. हा प्रसंग आपल्यापैकी बहुतेकांवर कधी ना कधी आला असेल.

कारंजा लाड येथील लहान व्यापाऱ्याचा धंदा आज मोटारसायकलवर चालतो. पूर्वी मूर्तिजापूर व यवतमाळकडे जाण्यासाठी छोट्या रुळाची शकुंतला गाडी होती, ती बंद पडली. समृद्धी महामार्ग तालुक्यातून गेला, पण त्यावर दुचाकीला परवानगी नाही. कामरगाव, धनज, पोहा, मनभा या बाजूंना माल न्यायचा तर आतले रस्ते आणि आपली दुचाकी हाच उपाय. कपडेवाला असो, शिवणकाम करणारा असो, गादी भरणारा असो की वेल्डिंगवाला असो, गाडी बंद म्हणजे त्या दिवसाची कमाई बंद.

म्हणून आज मोटारसायकलचा हा पाठ देत आहे. मी मिस्त्री नाही, कपड्याचा व्यापारी आहे. पण हा तजुर्बा मला पैसे मोजून मिळाला आहे, तो आपल्याला फुकट मिळावा एवढाच हेतू.

टाळेबंदीत मिळालेला धडा

२५ मार्च २०२० पासून देशभर टाळेबंदी लागली. त्या वर्षी रमजान ईद २५ मे रोजी आली. कपड्याच्या धंद्याचा वर्षातला सर्वांत मोठा हंगाम दुकानांची शटर खाली असतानाच निघून गेला. आठवडी बाजार बंद, फेरी बंद, आणि ऐन उन्हाळ्यात गाड्या अंगणात उभ्या. पुढे बाजार पुन्हा भरू लागले तेव्हा अनेकांच्या गाड्यांनी दगा दिला. माझीही त्यातलीच.

पहिल्या दिवशी मी तासभर किक मारल्या. पाय सुजला, गाडी होती तशीच. मग ढकलत एका गॅरेजवर नेली. तिथे आधी नवी बॅटरी बसवली, मग कॉइल बदलली, आणि शेवटी पूर्ण कार्बोरेटर बदलावा लागेल असे सांगितले. या भानगडीत माझे दोन बाजार बुडाले. अखेर एका वयस्कर मिस्त्रींनी कार्बोरेटरच्या तळाचा स्क्रू सैल केला, आतले पिवळट, आंबट वासाचे पेट्रोल वाटीत काढून मला दाखवले आणि एक बारीक जेट साफ केला. तिसऱ्या किकला गाडी सुरू झाली. ते म्हणाले, "शेठ, गाडीत काही मोडले नव्हते. उभी राहून राहून जेट बसला होता. आधी हे पाहायचे, मग बाकीचे."

त्यांनी सांगितलेला क्रम मी लिहून ठेवला. या लेखाचे सारे सार त्या क्रमातच आहे. फुकटात पाहता येईल ते आधी पाहायचे, थोड्या खर्चाचे नंतर, आणि सुटा भाग बदलणे सर्वांत शेवटी.

नुसती उभी राहून गाडी का बिघडते?

कपड्याचे थान बरेच दिवस घडीत पडून राहिले की घडीवर पिवळी रेघ पडते. कापड कुणी वापरलेले नसते, तरी माल उतरतो. गाडीचेही तसेच होते. ती उभी असली तरी आत चार गोष्टी चालू असतात.

पहिली गोष्ट बॅटरीची. ती न वापरताही हळूहळू उतरते आणि उन्हाळ्यात अधिक लवकर उतरते. उतरलेल्या अवस्थेत बरेच दिवस राहिली की आतल्या शिशाच्या पट्ट्यांवर पांढरा, कडक थर जमतो आणि मग ती चार्ज घेत नाही.

दुसरी गोष्ट पेट्रोलची. आपल्याकडे उन्हाळ्यात पारा ४० च्या वर जातो. कार्बोरेटरच्या वाटीतले थोडेसे पेट्रोल उडून जाते आणि मागे चिकट राळेसारखा थर राहतो. जेटचे छिद्र सुईच्या टोकाएवढे असते, ते त्या थराने बुजते.

तिसरी गोष्ट पाण्याची. आता पेट्रोलमध्ये इथेनॉल असते. २०२३ पासून २० टक्के मिश्रणाचे पेट्रोल विकले जाऊ लागले आणि २०२५ पर्यंत ते देशभर पोहोचले. इथेनॉल हवेतला ओलावा ओढून घेते. पावसाळ्यात गाडी अर्ध्या टाकीवर उभी राहिली आणि पाणी जास्त झाले, तर पाणी व इथेनॉल वेगळे होऊन टाकीच्या तळाशी बसते. इंजिनाला पेट्रोल तळाकडूनच जाते.

चौथी गोष्ट गंज व उंदरांची. प्लग, फ्यूज, बॅटरीची टोके यांवर गंज चढतो. उंदीर वायर कुरतडतात आणि हवेच्या फिल्टरजवळ घर करतात. सायलेन्सरच्या नळीत गांधीलमाशीही मातीचे घर बांधते.

काम सुरू करण्याआधी चार खबरदाऱ्या

१. गाडी मोकळ्या जागी आणा. बंद खोलीत, चुलीजवळ किंवा कपड्याच्या गोदामात पेट्रोलचे काम करू नका. आसपास विडी-सिगारेट नको. इंजिनाचा धूर विषारी असतो, म्हणून गाडी सुरू करणेही उघड्यावरच.

२. एकामागे एक पन्नास किक मारू नका. पाच-सात किकांत सुरू झाली नाही तर थांबा आणि कारण शोधा.

३. सेल्फ असेल तर बटन एका वेळी पाच सेकंदांपेक्षा जास्त दाबू नका. मध्ये अर्धा मिनिट थांबा, नाहीतर उरलेली बॅटरीही जाते आणि सेल्फची मोटर तापते.

४. किक अजिबात खाली जात नसेल तर तिच्यावर उभे राहू नका. वर्षभर उभ्या गाडीत पिस्टन गंजाने चिकटलेला असू शकतो. प्लग काढून त्या छिद्रात चमचाभर इंजिन ऑइल सोडा, रात्रभर राहू द्या आणि सकाळी हलक्या पायाने पाहा. तरीही हलली नाही तर जोर न करता मिस्त्रीकडे न्या.

पहिली पायरी : हत्याराशिवाय पाहणी

ही पाहणी दोन मिनिटांची आहे. हसू येईल इतकी साधी आहे, पण कित्येक गाड्या इथेच सुरू होतात.

उजव्या मुठीवरचे लाल बटन, म्हणजे इंजिन बंद करायचे बटन, पाहा. गाडी उभी असताना मुले त्याच्याशी खेळतात. ते बंद असेल तर करंट येणार नाही. नंतर गाडी न्यूट्रलमध्ये आहे का व हिरवा दिवा लागतो का ते पाहा. नव्या गाड्यांत साइड स्टँड खाली असेल तर इंजिन सुरू होत नाही, म्हणून स्टँड वर करा. काही गाड्यांत क्लच दाबल्याशिवाय सेल्फ फिरत नाही.

टाकीचे झाकण उघडून पेट्रोल डोळ्यांनी पाहा. काट्यावर विश्वास ठेवू नका. कॉक चालू आहे का पाहा, पेट्रोल कमी असेल तर रिझर्ववर करा. प्लगवरची टोपी हाताने दाबून घट्ट बसली आहे का पाहा. सायलेन्सरच्या तोंडात बोळा किंवा मातीचे घर नाही ना, तेही पाहा. आपणच गाडी ठेवताना उंदरासाठी चिंधी कोंबलेली असते आणि आपणच विसरतो.

दुसरी पायरी : बॅटरी

किल्ली फिरवा आणि हॉर्न वाजवा. आवाज खणखणीत असेल तर बॅटरीत जीव आहे. आवाज घोगरा असेल किंवा इंडिकेटर लागून तसाच मंद राहत असेल तर बॅटरी उतरली. जुन्या गाड्यांत हेडलाइट इंजिन चालू झाल्यावरच लागतो, म्हणून हेडलाइटवरून अंदाज करू नका.

मीटर असेल तर बॅटरीच्या दोन टोकांवर लावा. १२ व्होल्टची चांगली, भरलेली बॅटरी १२.६ किंवा त्याहून थोडे जास्त दाखवते. १२.४ म्हणजे पाऊण भाग शिल्लक. १२ किंवा त्याखाली म्हणजे उतरलेली. सेल्फ दाबताना आकडा १० च्या खाली घसरत असेल तर त्या बॅटरीवर सेल्फचा भरवसा नाही.

काहीच लागत नसेल, हॉर्नही नाही आणि दिवाही नाही, तर बॅटरीआधी फ्यूज पाहा. तो बहुधा बाजूच्या झाकणाखाली बॅटरीजवळ असतो. जळाला असेल तर तेवढ्याच अँपिअरचा घाला. चांदीचा कागद किंवा जाड तार घालण्याची सवय फार वाईट. त्याने वायरिंग पेटते. बॅटरीच्या टोकांवर पांढरा-हिरवा खार जमला असेल तर गरम पाण्याने धुऊन, पुसून, घट्ट आवळा.

आता चार्जिंग. बॅटरी गाडीतून काढताना काळी वायर आधी सोडा, बसवताना ती शेवटी लावा. पाण्याची बॅटरी असेल तर फक्त डिस्टिल्ड वॉटर घाला, नळाचे पाणी नको आणि ॲसिडही नको. पाणी वरच्या व खालच्या खुणेच्या मध्ये असावे. सीलबंद बॅटरी उघडू नका. चार्ज करताना तिच्या क्षमतेच्या दहाव्या भागाएवढा करंट द्यावा. म्हणजे ५ एएचची बॅटरी असेल तर अर्धा अँपिअर. ट्रकच्या बॅटरीबरोबर जोराच्या करंटवर लावली तर लहान बॅटरी फुगते. ट्रकच्या बॅटरीवरून गाडी सुरू करण्याचाही प्रयत्न करू नका, कारण अनेक ट्रक २४ व्होल्टचे असतात.

एक गोष्ट लक्षात ठेवावी. किकच्या अनेक जुन्या गाड्यांत प्लगचा करंट बॅटरीकडून येत नाही, इंजिनातल्या मॅग्नेटोकडून येतो. १९८५ मध्ये आलेली हिरो होंडा सीडी १०० आणि १९९४ मध्ये आलेली स्प्लेंडर या गाड्या आजही आपल्या भागात दिसतात. अशा जुन्या गाडीत बॅटरी उतरली तरी किकने इंजिन सुरू होऊ शकते. म्हणून किकची जुनी गाडी सुरू होत नाही एवढ्या कारणावरून नवी बॅटरी घेऊ नका. मी घेतली होती.

तिसरी पायरी : पेट्रोल

कार्बोरेटरच्या गाडीत सर्वांत जास्त दोष इथे सापडतो. आधी टाकीतल्या पेट्रोलचा वास घ्या. ताज्या पेट्रोलचा वास तिखट असतो, जुन्याचा आंबट किंवा वार्निशसारखा. दोन-तीन महिन्यांचे पेट्रोल साधारणपणे चालून जाते, त्यात ताजे एक-दोन लिटर घाला. सहा महिन्यांहून जुने असेल किंवा वास बदलला असेल तर टाकी रिकामी करून घ्या. काढलेले पेट्रोल नालीत ओतू नका, भाग धुण्यासाठी गॅरेजवाल्याला द्या.

आता कॉक बंद करा. कार्बोरेटरच्या तळाशी एक छोटा स्क्रू असतो. त्याखाली स्टीलची वाटी धरून स्क्रू थोडा सैल करा. वाटीत काय येते ते नीट पाहा.

– पिवळे-तांबूस, चिकट पेट्रोल आले तर ते जुने झाले आहे.
– पेट्रोलच्या खाली थेंब किंवा गोळ्या वेगळ्या दिसल्या तर ते पाणी आहे.
– काहीच आले नाही तर वाटीतले पेट्रोल उडून गेले आहे किंवा वरून पेट्रोल येत नाही.

आता स्क्रू सैलच ठेवून कॉक चालू करा. पेट्रोल धारेने आले पाहिजे. थेंबाथेंबाने येत असेल तर टाकीचे झाकण उघडून पाहा. झाकण उघडताच धार वाढली तर झाकणातले हवेचे छिद्र बुजले आहे, ते साफ करा. तरीही धार नसेल तर कॉकची जाळी किंवा नळी बुजली आहे. जुनी रबरी नळी कडक होऊन तडकली असेल तर बदला. इथेनॉलने जुने रबर लवकर खराब होते.

ताजे पेट्रोल वाटीतून थोडे वाहू द्या, स्क्रू घट्ट करा, सांडलेले पेट्रोल पुसून वाळू द्या आणि मिनिटभर थांबा. चोक ओढा, किल्ली बंद ठेवून दोन-तीन हलक्या किक मारा म्हणजे ऑइल वर चढते, मग किल्ली चालू करून किक मारा. बऱ्याच गाड्या इथे सुरू होतात.

आणखी एक खूण लक्षात ठेवा. गाडी चोकवर सुरू होते आणि चोक बंद करताच मरते, असे होत असेल तर कार्बोरेटरचा बारीक जेट, म्हणजे पायलट जेट, बुजलेला आहे. तो मिस्त्रीकडून काढून साफ करून घ्यावा. साफ करताना स्प्रे व हवेचा दाब वापरावा. सुई किंवा तार घालू देऊ नका. छिद्र मोठे झाले की गाडी कायमची जास्त पेट्रोल पिते.

चौथी पायरी : प्लग

प्लग-पान्याने प्लग काढा. त्याचे टोक आपल्याला सगळी हकीकत सांगते.

प्लग कोरडा आणि स्वच्छ असेल तर पेट्रोल इंजिनापर्यंत पोहोचत नाही, म्हणजे तिसऱ्या पायरीवर परत जा. प्लग ओला असेल तर पेट्रोल येते, पण करंट नाही किंवा पेट्रोल जास्त झाले आहे. प्लग काळ्या काजळीने माखलेला असेल तर हवा कमी मिळते आहे किंवा चोक फार वेळ ओढलेला राहिला आहे.

ओला प्लग पुसून वाळवा. बारीक पॉलिश पेपरने टोक घासा. फट गाडीच्या पुस्तिकेत दिली आहे तेवढी ठेवा. जास्त पेट्रोल झाले असेल तर प्लग परत बसवून, चोक बंद करून, रेस पूर्ण उघडी धरून चार-पाच किक मारा. आतले जादा पेट्रोल निघून जाते.

करंट पाहायचा असेल तर सांडलेले पेट्रोल पुसलेले असावे आणि प्लगचे छिद्र फडक्याने झाकलेले असावे. प्लग टोपीत घालून त्याचे लोखंडी अंग इंजिनाच्या पात्यांना टेकवा, पण छिद्रापासून दूर. उघड्या हाताने धरू नका, रबरी मुठीची पक्कड वापरा. प्लग अधांतरी ठेवून किक मारू नका, त्याने इलेक्ट्रॉनिक भाग जळू शकतो. सावलीत किक मारून पाहा. निळी, कडकडीत ठिणगी चांगली. पिवळी, अशक्त ठिणगी किंवा ठिणगीच नसेल तर आधी नवा प्लग लावून पाहा, तो स्वस्त आहे. मग टोपी व तिची वायर. मग उंदराने कुरतडलेली वायर कुठे आहे का, ते सीटखाली व टाकीखाली पाहा. एवढे करूनही करंट नसेल तेव्हाच कॉइल वा सीडीआयचा विचार करावा, आणि तो मिस्त्रीने करावा.

पाचवी पायरी : हवा आणि दाब

हवेच्या फिल्टरचे झाकण उघडा. घरटे, चिंध्या, धान्याची टरफले निघाली तर आश्चर्य नको. कागदी फिल्टर असेल तर झटकून घ्या, ओला किंवा कुरतडलेला असेल तर बदला. त्यावर पाणी किंवा रॉकेल घालू नका.

किक मारताना पायाला नेहमीचा अडथळा लागत नसेल, किक अगदी पोकळ जात असेल, तर व्हॉल्व्ह किंवा रिंग अडकली आहे. हे घरचे काम नव्हे.

नव्या, बीएस-६ गाड्यांचे निराळे

१ एप्रिल २०२० पासून बीएस-६ नियम लागू झाले. त्यानंतरच्या बहुतेक मोटारसायकलींत कार्बोरेटर नाही, पेट्रोल पंप व इंजेक्टर आहे. त्यात चोक नाही, वाटी नाही, तळाचा स्क्रू नाही. सुरू करताना रेसही देऊ नये.

किल्ली फिरवून कान द्या. टाकीच्या बाजूने दोन-तीन सेकंद बारीक 'झूं' असा आवाज यायला हवा. तो पंपाचा आवाज. आवाज नसेल तर बॅटरी, फ्यूज आणि मुठीवरचे लाल बटन पाहा. इंजिनाच्या चित्राचा पिवळा दिवा इंजिन सुरू झाल्यावर विझला पाहिजे. तो लागलेलाच राहिला तर दोष मशीन लावून तपासावा लागतो.

या गाड्यांत बॅटरीला फार महत्त्व आहे. ती पूर्ण उतरली तर किक किंवा धक्काही बहुधा कामी येत नाही, कारण पंपाला वीज लागते. म्हणून इथे पहिला इलाज बॅटरी चार्ज करणे हाच. पेट्रोलची नळी घरी उघडू नका, तिच्यात दाब असतो आणि पेट्रोल उडते.

सुरू झाली, तरी लगेच गठ्ठे बांधू नका

इंजिन चालू झाले की जोराने रेस देऊ नका. दोन-तीन मिनिटे शांत चालू द्या. त्या वेळात ऑइल पाहण्याची आठवण ठेवा. इंजिन बंद करून ऑइल थोडे खाली बसू द्या, मग काडीने पातळी पाहा. ऑइल दुधाळ दिसले तर त्यात पाणी गेले आहे, बदलल्याशिवाय गाडी चालवू नका.

उभ्या गाडीत क्लचच्या प्लेटा एकमेकींना चिकटतात. क्लच दाबूनही गिअर टाकताच गाडी पुढे उसळते आणि माणूस पडतो. म्हणून पहिल्यांदा इंजिन बंद ठेवून, क्लच दाबून, गिअरमध्ये गाडी मागेपुढे ढकलून पाहा. क्लच सुटला की मग चालू करा.

दोन्ही ब्रेक दाबून गाडी ढकला. चाक सुटत नसेल किंवा ब्रेक लागत नसेल तर रस्त्यावर जाऊ नका. टायरमध्ये हवा भरा, बाजूला तडे आहेत का पाहा. चेन साफ करून तेल द्या. मग रिकामी गाडी पाच-सात किलोमीटर फिरवून आणा. माल त्यानंतर. विमा आणि पीयूसीची तारीखही पाहा. गाडी उभी असली तरी तारीख थांबत नाही.

मिस्त्रीकडे जाताना

मिस्त्री हाही आपल्यासारखाच कारागीर आहे. त्याच्या मेहनतीचे पैसे कापू नका. पण "गाडी चालू होत नाही, बघा" एवढेच सांगून निघून जाऊ नका. गाडी किती दिवस उभी होती, पेट्रोल कधीचे आहे, प्लग ओला होता की कोरडा, करंट येतो की नाही, चोकवर चालते की नाही, हे त्याला सांगा. त्याचा वेळ वाचतो, आपले पैसे वाचतात. सुटा भाग बदलण्याआधी कारण विचारा आणि बदललेला जुना भाग परत मागा. चांगल्या मिस्त्रीला याचा राग येत नाही. आपणही गिऱ्हाइकाला थान उलगडून दाखवतोच की.

गाडी उभी ठेवण्यापूर्वी

पावसाळ्यात फेरी बंद असते, कुणी परगावी किंवा हजला जाते, घरात आजारपण येते. महिन्याहून जास्त गाडी उभी राहणार असेल तर पंधरा मिनिटांचे काम करून ठेवा.

१. टाकी ताज्या पेट्रोलने भरा. भरलेल्या टाकीत ओलावा व गंज कमी.
२. कार्बोरेटरच्या गाडीत कॉक बंद करून इंजिन आपोआप बंद पडेपर्यंत चालू द्या, म्हणजे वाटी रिकामी होते.
३. बॅटरीची काळी वायर सोडून ठेवा. शक्य तर महिन्यातून एकदा चार्ज करा.
४. गाडी डबल स्टँडवर, सावलीत ठेवा. आच्छादन सुती असावे, प्लास्टिकखाली घाम धरतो.
५. सायलेन्सरला चिंधी लावली तर तिचे टोक बाहेर लोंबते ठेवा आणि किल्लीला चिठ्ठी बांधा.
६. घरात चालवणारे कुणी असेल तर पंधरा दिवसांनी एकदा पंधरा-वीस मिनिटे रस्त्यावर फिरवायला सांगा. उभ्यानेच दोन मिनिटे चालू करून बंद केल्याने बॅटरी भरत नाही, उलट सेल्फने ती खर्च होते.

बंधूंनो, हा क्रम कागदावर उतरवून दुकानात लावा : बटन, बॅटरी, पेट्रोल, प्लग, हवा. आणि बाजाराच्या सकाळी हे करत बसू नका. आदल्या दिवशी दुपारी, दुकानात गिऱ्हाईक कमी असताना, गाडी काढून एकदा सुरू करून पाहा. दोष निघाला तर हातात संध्याकाळ असते, गॅरेज उघडे असते आणि उद्याचा बाजार बुडत नाही.